दुरुस्तीचा रकाना कुठे आहे?

प्रति,
दृष्टिहीनांच्या साधनांसाठी निधी मंजूर करणारे, निविदा काढणारे आणि अंदाजपत्रकावर सही करणारे सर्वजण

स. न. वि. वि.

संगणकावरचा मजकूर टिंबांनी बोटाखाली उठवणारं माझं एक यंत्र आहे, ब्रेल डिस्प्ले. त्याच्या अकराव्या सेलमधलं, म्हणजे अकराव्या अक्षराच्या घरातलं, दुसरं टिंब गेल्या वर्षी वर यायचं बंद झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. म्हणून आधी ते टिंब काय काम करतं ते सांगते.

ब्रेलमध्ये ८ हा आकडा पहिलं, दुसरं आणि पाचवं टिंब मिळून होतो. त्यातलं दुसरं उठलं नाही, की बोटाखाली उरतात पहिलं आणि पाचवं. तो होतो ५. तसाच ७ चा ४ होतो, ६ चा ३ होतो आणि २ चा १. बिघाड झाला हे बोटाला कळतच नाही, कारण समोर आलेला आकडा धडधडीत, स्वच्छ आणि पूर्ण असतो.

मी जन्मापासून अंध आहे आणि पोटापाण्यासाठी हिशेब लिहिते. त्या दिवशी एका यादीतले आकडे वाचून मी दुसऱ्या खात्यात भरत होते. शेवटी बेरीज ३०० ने चुकली. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल असं आम्ही हिशेबातले लोक आधी बघतो. ३०० ला ९ ने भाग जात नाही. दुपारभर मी प्रत्येक ओळ पुन्हा वाचली आणि प्रत्येक वेळी तेच वाचलं. संध्याकाळी कंटाळून ओळ एक घर डावीकडे सरकवली, तर मघाचा ५ दहाव्या सेलवर जाऊन ८ झाला. मी ओळ परत उजवीकडे नेली. पुन्हा ५. तेव्हा मला घाम फुटला, कारण हे किती दिवस चाललं होतं आणि त्या काळात मी किती आकडे भरले होते, हे मला सांगता येत नव्हतं. पुढचे चार दिवस मी जुनी खाती तपासण्यात घालवले.

यंत्र सरकारी मदतीतून मिळालेलं होतं. मी त्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई मनापासून ऐकत होत्या, त्यांनी फाइल काढली, वरिष्ठांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, "ताई, या योजनेत खरेदीचं हेड आहे, दुरुस्तीचं नाही. पाच वर्षं झाली की नव्यासाठी अर्ज करा, ते मंजूर होईल." माझ्या यंत्राला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. एक सेल बदलायला लागणारे पैसे कुठल्याच रकान्यात बसत नव्हते; दोन वर्षांनी सगळंच्या सगळं यंत्र नवं घ्यायचे पैसे मात्र आजच ठरलेले होते. शेवटी दुरुस्ती मी माझ्या खर्चानं केली. यंत्र दूर पाठवावं लागलं, बदली यंत्र मिळालं नाही आणि नऊ आठवडे मी फक्त कानांवर, संगणकाचा आवाज ऐकून, काम केलं.

त्या बाईंवर माझा राग नाही. रकाना त्यांनी आखलेला नव्हता. तो आपण आखता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

ही यंत्रं महाग का, हा प्रश्न आपल्यापुढे दर वर्षी येत असेल. एका सेलमध्ये आठ बारीक खिळे असतात. प्रत्येक खिळ्याखाली एक पातळ सिरॅमिक पट्टी असते. तिला सुमारे २०० व्होल्टचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि खिळा वर उचलला जातो. याला पिझोइलेक्ट्रिक पद्धत म्हणतात. चाळीस सेलच्या डिस्प्लेत असे ३२० खिळे, ३२० पट्ट्या, आणि त्या प्रत्येकीनं वर्षानुवर्षं बोटांचा दाब, घाम आणि तेलकटपणा सोसून सारख्याच उंचीवर यायचं असतं. असे सेल बनवणारे कारखाने जगात मोजकेच. डिस्प्लेवर नाव कुणाचंही असो, आतले सेल बहुधा त्याच दोन-तीन ठिकाणांहून आलेले असतात.

पण खरं कारण त्या पट्टीत नाही. ते समजण्यासाठी दोन साधनांचा प्रवास शेजारी ठेवून पाहा.

१९७६ साली रेमंड कुर्झवाइल या अमेरिकी संशोधकांनी छापील मजकूर मोठ्यानं वाचणारं यंत्र जगापुढे आणलं. पान काचेवर ठेवायचं, यंत्र अक्षरं ओळखायचं आणि बोलायचं. ते टेबलभर आकाराचं होतं आणि त्याची किंमत संस्थांनाच झेपेल अशी, अनेक दहा हजार डॉलरच्या घरात होती. आज तेच काम खिशातला फोन करतो, वेगळा पैसा न घेता. किंमत एवढी उतरली ती अंधांवर कुणाला दया आली म्हणून नव्हे. स्कॅनर प्रत्येक कचेरीला हवा होता. अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर बँकांना, टपालखात्यांना, ग्रंथालयांना हवं होतं. कॅमेरा आणि बोलणारा आवाज तर सगळ्यांनाच हवा होता. डोळस जगानं ते सुटे भाग कोट्यवधींच्या संख्येनं विकत घेतले आणि त्या लाटेवर आमचं वाचनयंत्र फुकटात किनाऱ्याला लागलं.

ब्रेल सेल दुसऱ्या कुणालाच नको आहे. तो ना गाडीत बसतो, ना घड्याळात, ना खेळण्यात. त्याची संपूर्ण किंमत, त्यामागच्या संशोधनासकट, मूठभर वाचकांच्या डोक्यावर वाटली जाते. म्हणून चाळीस वर्षांत संगणकाची किंमत कुठल्या कुठे उतरली आणि बहुतेक ब्रेल डिस्प्ले अजूनही चांगल्या लॅपटॉपच्या कित्येक पट महाग राहिले.

सार्वजनिक पैसा कुठे लावायचा याचं उत्तर मला या दोन प्रवासांत दिसतं. जे डोळस लोकांनाही हवं आहे ते स्वस्त होणारच आहे, त्यासाठी आपली फार गरज नाही. जे फक्त आम्हालाच हवं आहे, म्हणजे ब्रेल सेल, त्यांची दुरुस्ती, ते शिकवणारी माणसं, लहान भाषांत बोलणारे संगणकाचे आवाज, तिथे बाजार येणार नाही. तिथे आपणच यायला हवं. आज बऱ्याचदा उलट घडतं. अंधांसाठी नवं ॲप काढणाऱ्याला व्यासपीठ आणि अनुदान मिळतं, आणि सेल बदलून देणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार कुठल्याच प्रस्तावात बसत नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या हातात आहे. या बाजारात वापरतो एक आणि पैसे देतो दुसरा. मी माझ्या पैशानं बूट घेते तेव्हा चावणारा बूट दुकानातच सोडून येते. अनुदानातून मिळणारं यंत्र मात्र समितीनं निवडलेलं असतं आणि समितीतल्या एकाही माणसानं ते बोटांनी वाचलेलं नसतं. मग विक्रेता समितीला दिसेल ते सुधारतो: वैशिष्ट्यांची यादी लांब होते, पेटी देखणी होते. आणि किंमत अनुदानाची मर्यादा जिथे आहे तिथेच येऊन का थांबते, हे हिशेबातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

ही कोंडी फुटू शकते याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे, म्हणजे बोटांपुढे आहे. गेल्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या अंधांच्या संस्था ट्रान्सफॉर्मिंग ब्रेल ग्रुप या नावानं एकत्र आल्या. त्यांनी आपली मागणी आणि पैसा एकत्र केला आणि स्वस्त डिस्प्ले बनवून घेतला. त्यातून ऑर्बिट रीडर २० आला. त्यात जुन्या सिरॅमिक पट्ट्यांऐवजी वेगळी रचना होती आणि किंमत तेव्हाच्या यंत्रांच्या मानानं कितीतरी खाली होती. मी तो वापरला आहे. त्याची टिंबं ठसठशीत, कागदावरच्या ब्रेलसारखी आहेत. पण ओळ बदलताना तो खडखडतो, नवी ओळ यायला क्षणभर थांबावं लागतं आणि वीसच सेल असल्यानं लांब आकड्यांचा तक्ता त्यात मावत नाही. सेलवरची बटनं दाबून कर्सर हव्या त्या अक्षरावर नेण्याची सोयही त्यात नाही. गोष्ट वाचायला तो उत्तम, माझ्या कामाला अपुरा. हे मुद्दाम सांगते, कारण स्वस्त यंत्र आलं की समित्यांना वाटतं प्रश्न मिटला, आणि सगळ्यांना तेच एक वाटलं जातं. शाळेतल्या मुलीची गरज वेगळी, हिशेबनिसाची वेगळी आणि ज्याला ऐकूही येत नाही त्याची तर फारच वेगळी.

इथे थोडं थांबते, कारण "आता फोन सगळं वाचून दाखवतो, ब्रेल कशाला?" हा प्रश्न मी बैठकांमध्ये वारंवार ऐकला आहे. बहिऱ्या-अंध माणसाला फोनचा आवाज ऐकूच येत नाही; समोर कुणी नसताना जगाशी बोलायला त्याच्याकडे बहुधा ब्रेल डिस्प्ले हाच दरवाजा असतो. ऐकू येणाऱ्या मुलालाही केवळ ऐकून शुद्धलेखन येत नाही, जसं डोळस मुलाला फक्त आकाशवाणी ऐकून येणार नाही. आणि आकडे? बोललेला आकडा हवेत विरतो. दोन ओळींतले आकडे ताडून पाहायचे तर ते बोटांखाली थांबलेले हवेत. त्या नऊ आठवड्यांत माझं काम निम्म्या वेगानं चाललं आणि रोज रात्री डोकं दुखत असे.

आता सॉफ्टवेअरकडे वळते, कारण तिथे एक वेगळा गैरसमज आहे: फुकट म्हणजे बिनखर्ची.

संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये जॉज फार जुना. टेड हेंटर या दृष्टी गमावलेल्या अभियंत्याच्या कंपनीनं तो १९८९ साली बाजारात आणला. तो ताकदवान आहे, पण परवान्याचे पैसे मोजावे लागतात आणि अनेकांसाठी ते संगणकाच्या किमतीइतके किंवा जास्त होत. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं एनव्हीडीए लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्यात आला. त्यांचं म्हणणं साधं होतं: डोळस माणसाला पडदा पाहायला वेगळे पैसे पडत नाहीत, मग आम्हाला का पडावेत? आज एनव्हीडीए मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येईल असा, आहे, पन्नासहून अधिक भाषांमध्ये आहे आणि जगभर असंख्य लोक त्यावर नोकरी टिकवून आहेत. मीही त्यातलीच.

पण ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलते. त्या प्रत्येक बदलामागे कुणीतरी बसून स्क्रीन रीडर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एनव्हीडीए ज्या ईस्पीक आवाजावर अनेक भाषा बोलतो आणि ज्या लिबलुइसमधून मजकुराचं ब्रेल होतं, तीही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत आणि त्यांचा बराच भार मोजक्या माणसांच्या खांद्यावर आहे. एखाद्या भाषेच्या ब्रेल तक्त्यातली एक चूक दुरुस्त करायला ती भाषा, ते ब्रेल आणि तो कोड, तिन्ही जाणणारा माणूस लागतो. असा माणूस दिवसभर पोटासाठी दुसरं काम करतो आणि रात्री हे करतो. परवान्यांवर वाचलेल्या पैशातला छोटासा भाग दर वर्षी, न चुकता, या देखभालीकडे वळवला तर आपल्या ताळेबंदात तो दिसणारही नाही. नवा स्क्रीन रीडर बनवायला कुणी अनुदान मागत आला, तर आधी त्याला विचारा की असलेल्यात काय कमी आहे आणि तुझा पाच वर्षांनी कोण सांभाळणार.

सगळ्यात स्वस्त पडतं ते मुळातच सुगम, म्हणजे आम्हालाही वापरता येईल असं, बनवलेलं साधन. २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर अंगभूत आला आणि पहिल्यांदाच दुकानातून इतरांसारखाच फोन, इतरांच्याच किमतीला घेऊन आम्हाला तो वापरता येऊ लागला. अँड्रॉइडवर टॉकबॅकही त्याच सुमारास आला. हा उपकार नव्हता, हा हिशेब होता: बनवतानाच घातलेली सोय लाखो प्रतींवर वाटली जाते, नंतर चिकटवलेली सोय एकट्याच्या अंगावर पडते.

याची उलटी बाजूही मी भोगली आहे. एका जागी आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अद्ययावत झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीन रीडर प्रत्येक चित्रावर एवढंच म्हणू लागला: "बटन. बटन. बटन." कुठलं जतन करायचं, कुठलं पुसायचं, काही कळेना. आदल्या दिवसापर्यंत जे काम मी एकटी करत होते त्यासाठी शेजारच्या सहकाऱ्याला उठवावं लागलं. माझा डिस्प्ले चालू होता, स्क्रीन रीडर चालू होता, माझ्यावर खर्च झालेला प्रत्येक पैसा जागच्या जागी होता, आणि त्या बटनांना नावं न दिल्यामुळे तो सगळा पैसा त्या दिवशी वाया गेला. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला तो अशाच गोष्टींसाठी. कायदा असो वा नसो, आपण स्वतः सॉफ्टवेअर विकत घेता तेव्हा करारात एक कलम घालू शकता: प्रत्येक नवी आवृत्ती स्क्रीन रीडरवर चाचणी झाल्याशिवाय स्वीकारली जाणार नाही. चाचणी करणारा अंध असावा आणि त्याला मोबदला मिळावा.

कंपनीच बंद पडली तर? छापील अक्षराचा आकार १४४ थरथरत्या सुयांवर बोटाला जाणवून देणारा ऑप्टॅकॉन १९७१ पासून बनत होता. प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांनी तो आपल्या अंध मुलीसाठी कल्पिला होता. १९९६ साली त्याचं उत्पादन थांबलं. लोकांनी नंतर जुनी यंत्रं गोळा करून, एकाचे भाग दुसऱ्याला लावून तो वर्षानुवर्षं चालवला. अलीकडचं उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. आर्गस २ हे, अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं साधन बनवणाऱ्या कंपनीनं २०१९-२० च्या सुमारास त्यातून अंग काढून घेतलं, आणि जगभरातले साडेतीनशेच्या आसपास लोक शरीरात बसवलेल्या, दुरुस्तीची हमी नसलेल्या यंत्रासह मागे राहिले. सार्वजनिक पैशातून खरेदी होत असेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्या की त्यानं धंदा गुंडाळला तर सुट्या भागांची रेखाटनं आणि आतलं सॉफ्टवेअर खुलं होईल. तेवढी ताकद खरेदीदाराकडे करारावर सही होण्याआधीच असते.

शिकवणाऱ्याशिवाय दिलेलं यंत्र कपाटात जातं. नव्यानं दृष्टी गेलेल्या एका गृहस्थांच्या घरी मी गेले होते तेव्हा त्यांचा डिस्प्ले मूळ खोक्यात, प्लास्टिकसुद्धा न काढलेला होता. ते म्हणाले, "महाग वस्तू आहे, बिघडली तर?" त्यांना ब्रेल कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्या नोंदीत मात्र ते लाभार्थी होते. महिनाभर रोज तासभर बसलो, आणि त्यांच्या बोटाला आपल्या नातीचं नाव लागलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, बोट तिथेच ठेवून बसले.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मिळून जो अहवाल काढला, त्यात जगात २.५ अब्जांहून अधिक लोकांना चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत किमान एक सहाय्यक साधन लागतं असं म्हटलं आहे. काही गरीब देशांत गरज असलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांना ते मिळतं, काही श्रीमंत देशांत ९० टक्क्यांना. हा आकडा आपण भाषणांत वापराल. वापरताना एवढं लक्षात असू द्या, की "मिळालं" या शब्दात ते खोक्यातलं यंत्रही मोजलं जाऊ शकतं आणि माझ्या अकराव्या सेलचं यंत्रही.

आपल्याआधीच्या लोकांनी एकदा हे बरोबर ओळखलं होतं. ब्रेल पुस्तकं जाडजूड आणि जड असतात, म्हणून अंधांसाठीच्या साहित्याला आंतरराष्ट्रीय टपालात शुल्कमाफी देण्यात आली. टपाल हा पुन्हा पुन्हा होणारा खर्च आहे, आणि माफीही पुन्हा पुन्हा मिळते. पुस्तक एकदा छापून दिलं, आता पाठवायचं तुमचं तुम्ही बघा, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

तेच मी यंत्रांसाठी मागते आहे. मंजुरीच्या पत्रकात खरेदीच्या रकान्याशेजारी दुरुस्तीचा, प्रशिक्षणाचा आणि बदली यंत्राचा रकाना आखा. निविदेत खरेदीच्या दराऐवजी पाच वर्षांचा एकूण खर्च विचारा. मग सगळ्यात कमी दराचं यंत्र अनेकदा सगळ्यात स्वस्त ठरणार नाही. शंभर यंत्रं घेणार असाल तर शहाण्णव घ्या, आणि उरलेल्या चारांच्या पैशात सेल बदलणारा एक तंत्रज्ञ तयार करा, काही सुटे सेल ठेवा, एक-दोन यंत्रं दुरुस्तीच्या काळात द्यायला राखून ठेवा. शहाण्णव चालू यंत्रं ही शंभर वाटलेल्या यंत्रांपेक्षा जास्त असतात. शंभरचा आकडा वार्षिक अहवालात अधिक चांगला दिसतो हे मला माहीत आहे.

आपल्यापैकी कुणी उत्तर पाठवणार असेल तर एक विनंती. सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून त्याचं चित्र पाठवू नका, मजकूर असलेली फाइल पाठवा. ते मला स्वतःला वाचायचं आहे, आकड्यांसकट. अकरावा सेल आता नीट चालतो आहे.

आपली,
एक अंध हिशेबनीस